आईला उचलणं जमेना, मग भावाला कोण सांभाळणार? घरची माणसं आणि पगारी मदतनीस

प्रश्न एका ताईंचा आहे. पत्र मोठं होतं, म्हणून त्यातला मजकूर आधी थोडक्यात सांगते. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आई-वडील आणि धाकटा भाऊ राहतात. भाऊ २६ वर्षांचा आहे, त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही. चारही हातपाय ताठर, आधाराशिवाय बसता येत नाही, बोलणं घरच्यांनाच कळतं. समज मात्र उत्तम, वाचता येतं, क्रिकेटचा प्रत्येक सामना पाठ. आई ५९ वर्षांची, गेल्या पावसाळ्यात तिच्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकली आणि डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. थोरला भाऊ पिंपरीला, दर महिन्याला पैसे पाठवतो. ताई ३२ वर्षांच्या, पुण्यात नोकरी करतात आणि ती सोडून घरी जायच्या विचारात आहेत. आई म्हणते, परक्या बाईच्या हातात पोराला देणार नाही. आत्यांनी सुचवलंय की गावाकडची विधवा चुलत काकू येऊन राहील, ‘घरचीच आहे, तिला पगार कसला द्यायचा?’ ताईंचं विचारणं असं की यातलं काय करावं, सरकारकडून काही मिळतं का, आणि आई-वडिलांनंतर काय.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार किंवा दिव्यांगत्व असलेल्या माणसांची रोजची कामं सोपी कशी होतील ते बघते. २७ वर्षं हेच काम करते आहे, त्यातली बरीचशी लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्या न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी बसून. त्यामुळे उत्तर तिथूनच देते.

ताई, नोकरी सोडू नका. निदान पुढचे तीन महिने तो विचार बाजूला ठेवा. तुमच्या मनात माया आहे, पण हा निर्णय तुम्ही घाबरून घेताय आणि घाबरून घेतलेला निर्णय पुढे फार महाग पडतो. तुम्ही घरी आलात की उचलण्याचं काम आईच्या कमरेवरून तुमच्या कमरेवर येईल. तुमचा पगार बंद होईल, भविष्य निर्वाह निधी थांबेल, आणि दहा वर्षांनी याच घरात दुसरी एक बाई गादी सरकून बसलेली असेल. मी अशा बहिणी पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी कुणी तक्रार करत नाही, म्हणून त्यांचं काय झालं हे कुणाला कळतही नाही.

आधी एक शंभर पानी वही आणा. एक आठवडा, भावासाठी जे जे होतं ते त्यात वेळेसकट लिहायचं. सहा वाजता कूस बदलली. सहा दहाला डायपर काढला. साडेसहाला चूळ, चहा चमच्याने, वीस मिनिटं. रात्री दीडला हाक मारली, पाय आखडला होता, चोळला. हे आईने लिहायचं नाही, तिला वेळ नाही. वडिलांनी लिहायचं. त्यांनी आयुष्यभर हजेरीपट ठेवलेत, त्यांना हे उत्तम जमेल. आणि आठवडाभर बघून बघून लिहिलं की त्यांच्याही काही गोष्टी पहिल्यांदा लक्षात येतील.

एका घरातल्या आईने मला सांगितलं होतं, ‘मी विशेष काही करत नाही हो, घरातलंच तर असतं.’ वही भरल्यावर बेरीज निघाली रोज अकरा तास, शिवाय रात्रीत तीनदा उठणं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्यात रोज वेळ देतात असं आढळलं, सरासरी १४० मिनिटं. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटं. तुमच्या आईचा दिवस या सरासरीत मावत नाही. जोवर तो कागदावर येत नाही तोवर ‘किती माणसं लागतील, किती तासांसाठी’ या प्रश्नाला उत्तरच नाही, आणि मग घरात चर्चा होते ती फक्त कुणाचं प्रेम जास्त याची.

वहीत जिथे जिथे भावाला उचललं असेल तिथे लाल पेनाने खूण करा. पलंगावरून कमोडवर, कमोडवरून न्हाणीत, न्हाणीतून परत पलंगावर, मग खुर्चीत, दुपारी पलंगावर, संध्याकाळी पुन्हा खुर्चीत, रात्री परत. माझ्या अंदाजाने सात-आठ खुणा होतील. त्याचं वजन ४१ किलो असं तुम्ही लिहिलंय. आठ वेळा ४१ म्हणजे रोज सव्वातीनशे किलोच्या वर. माणसाला हाताने उचलण्यासाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा साधारण १६ किलो आहे, तीही धडधाकट, शिकवलेल्या कर्मचाऱ्यांसाठी. तुमच्या आईची गादी सरकली यात नशिबाचा काही दोष नाही. वीस वर्षं ते काम चाललं होतं, एवढंच.

म्हणून माणूस शोधायच्या आधी उचलणं कमी करा. चाकांची कमोड-खुर्ची घ्या, जिच्यावर बसवूनच आंघोळही घालता येते. सकाळी पलंगावरून एकदा त्या खुर्चीत घ्यायचं, शौचालय, आंघोळ सगळं त्याच खुर्चीत, आणि परत पलंगावर. तीन उचलण्यांच्या जागी दोन होतात. न्हाणीचा उंबरा फोडून उतार करा, गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. पलंग दिवाण असेल तर बदला. दिवाणाखाली पोकळी नसते, त्यामुळे हातपंपाने चालणाऱ्या पेशंट लिफ्टचे, म्हणजे माणसाला झोळीत घेऊन उचलणाऱ्या यंत्राचे, पाय खाली शिरत नाहीत. ही लिफ्ट पुण्यात भाड्याने मिळते. विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने आणून बघा, कारण काही मुलांना झोळीत लटकण्याची भीती वाटते आणि अंग आणखी ताठरतं. पलंगाची उंची आणि खुर्चीची बैठक एका पातळीत आणली तर दोघांनी जाड चादरीवरून सरकवूनही काम होतं.

उचलण्याच्या पद्धतीचं दोन शब्दांत सांगते, कारण नवीन माणूस हमखास इथेच चुकतं. सेरेब्रल पाल्सीत अंग अचानक हात लागला, मोठा आवाज झाला की ताठ होतं. ते तो मुद्दाम करत नाही. म्हणून आधी त्याच्या नजरेसमोर यायचं, ‘आता उचलतोय’ असं सांगायचं, मग हात लावायचा. ताठ झालेला असताना ओढाताण केली तर आणखी ताठ होतो. आधी कंबर आणि गुडघे दुमडून घ्यायचे, मग अंग सैल पडतं. पाय एकमेकांवर आवळले गेले की घोट्याला धरून फाकवायचे नाहीत. गुडघे वाकवून, मांडीच्या बाजूने हळूहळू दूर घ्यायचे. हे तुमच्या आईला माहीत आहे. कुणी शिकवलेलं नसेल, पण तिच्या हातांना माहीत आहे. पुढे याकडे परत येते.

आता पत्रातली मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट. चार पानांत आईचं म्हणणं आहे, आत्यांचं आहे, थोरल्या भावाचं आहे. ज्याची आंघोळ, ज्याचं शरीर, त्या भावाचं एकही वाक्य नाही. त्याला विचारलंत का?

तो २६ वर्षांचा पुरुष आहे. आई त्याचं सगळं करते आणि त्याला पर्याय नाही म्हणून तो गप्प असेल. या वयाच्या किती मुलांनी मला अक्षरांच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगितलंय की आंघोळीला आई नको. आईला ते ऐकून वाईट वाटतं, त्यांना ते सांगताना त्याहून वाईट वाटतं, आणि तरी ते खरं असतं. कदाचित त्याला पुरुष मदतनीस हवा असेल. कदाचित वडील चालतील. तुमच्या पत्रात वडिलांच्या नावावर एकही काम नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या पिढीत हे काम पुरुषाचं मानलंच गेलं नाही, आणि बहुतेक कुणी त्यांच्याकडे मागितलंही नसेल. पण ते रोज घरी आहेत, मुलगा मोठा झालाय, आणि दाढी-आंघोळ हे बाप-लेकांचं काम होऊ शकतं. चाकाची खुर्ची आली, उचलायला दुसरं माणूस आलं की त्यांच्या वयालाही ते झेपेल.

त्याला विचारायचं तर त्याचं बोलणं आईशिवाय दुसऱ्या कुणाला कळायला हवं. सध्या आई त्याची दुभाषी आहे. म्हणजे आईबद्दलची तक्रारसुद्धा त्याला आईमार्फतच सांगावी लागते. त्याला वाचता येतं, मग वर्णमालेचा एक तक्ता करा, जाड पुठ्ठ्यावर, त्याची नजर किंवा मूठ जिथवर पोचते तेवढ्या आकाराचा. वरच्या ओळीत तयार शब्द: ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘हळू’, ‘पाणी’, ‘तसं नाही’, ‘आईला बोलव’, आणि ‘आईला बोलवू नको’. शेवटचा शब्द न विसरता लिहा. जवळपास स्पीच थेरपिस्ट असेल तर तिच्या मदतीने करा, नसेल तर तुम्ही रविवारी बसून करा, चुकलं तर तोच सुधारेल. हा तक्ता तयार होईपर्यंत नवीन माणूस एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. दुखलं-खुपलं, कुणी हात उगारला, चुकीचा स्पर्श केला, हे त्याला सांगता आलं पाहिजे. दिव्यांग व्यक्तीवरच्या अत्याचाराची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे करता येते, कायद्यात ती सोय आहे. पण तक्रार आधी त्याच्या तोंडून, म्हणजे तक्त्यावरून, निघायला हवी.

पगारी माणसाचं. शहरात मदतनीस पुरवणारे ब्युरो असतात, बारा तासांची ड्युटी, चोवीस तासांची ड्युटी असे त्यांचे दर असतात. तुमच्या गावात तसं नसेल, आणि मला ते बरंच वाटतं. तुम्हाला चोवीस तासांची मावशी लागणार नाही. वही बघितलीत की कळेल, जड काम दोन वेळांना गोळा झालेलं आहे: सकाळी साडेसहा ते दहा, आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ. तेवढ्या वेळेला गावातलाच एखादा दणकट, शांत स्वभावाचा मुलगा मिळाला तर काम भागतं. ग्रामीण रुग्णालयात वॉर्डबॉयचं काम केलेला, किंवा स्वतःच्या आजोबांचं अंथरुणावर केलेला असला तर उत्तमच. अनुभवापेक्षा मी हात बघते. पहिल्या भेटीत तो पेशंटशी बोलतो की पेशंटच्या आईशी, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. जो ‘याचं नाव काय?’ असं आईला विचारतो त्याला अजून शिकायचं आहे. जो वाकून त्यालाच विचारतो, तो टिकतो.

ब्युरोकडून घेतलंत तर एक प्रश्न विचाराच: तुम्ही देता त्यातले त्या बाईच्या हातात किती पडतात? मी असे हिशेब पाहिलेत की घरच्यांना वाटतं आपण भरपूर मोजतोय आणि बाई मात्र अर्ध्यावर राबतेय. अशी बाई दोन महिन्यांत जाते आणि तुम्ही म्हणता, ‘आजकाल माणसं टिकत नाहीत.’ चोवीस तासांची ड्युटी म्हटलं तरी माणसाला सलग झोप लागतेच. रात्री तीनदा उठावं लागत असेल तर दिवसा तिला झोपायला वेळ आणि जागा द्या, नाहीतर पहाटे तिच्याच हातून मुलगा पडेल.

पगार बँकेत. आठवड्याची सुट्टी पहिल्याच दिवशी ठरवून. काम काय आणि काय नाही हे कागदावर: भावाचं सगळं करायचं, घरातली धुणीभांडी करायची नाहीत. हा नियम घरोघरी मोडतो. भावाजवळ बसलेला माणूस ‘रिकामा’ दिसतो आणि कुणीतरी त्याला बाजारात पिटाळतं, नेमकी तेव्हाच मुलाला फिट येते. पोलीस ठाण्यात ओळखीची नोंद करून घ्या, त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, आधी नीट समजावून सांगा. त्याचं ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्ड, नसेल तर काढून द्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला फक्त २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. तेवढा तुम्ही भरा. जो माणूस रोज तुमच्या भावाला उचलणार आहे त्याच्याही कमरेची चिंता कुणीतरी करायला हवी.

काकूंबद्दल मी स्पष्ट लिहिते. त्या येणार असतील तर पगारावरच याव्यात. दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, त्यांच्या स्वतःच्या खात्यात. ‘घरचीच आहे’ या शब्दाखाली आपल्याकडे विधवा, परित्यक्ता, बिनलग्नाच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून घरं चालवली आहेत. काकूंना इथे अन्न आणि छप्पर मिळेल हे खरं, पण त्यामुळे त्या ‘नाही’ म्हणायच्या स्थितीत राहणार नाहीत, आणि ज्या माणसाला नाही म्हणता येत नाही त्याच्यावर दुसऱ्या असहाय माणसाची जबाबदारी टाकू नये. रागाचा निचरा शेवटी सगळ्यात दुबळ्यावर होतो. मी असं घर पाहिलं आहे. बाई वाईट नव्हती, थकलेली होती. मुलाच्या दंडावर चार बोटांचे वळ होते आणि ते दिसल्यावर ती बाई मुलापेक्षा जास्त रडली. म्हणून काकूंनाही विचारा, एकट्या असताना विचारा. सुट्टी, पगार, वर्षातून दोनदा माहेरी जायची मुभा हे आधी बोला. आणि त्यांचं वय काय, त्यांची कंबर कशी आहे, तेही. उचलायचं काम त्यांच्याकडे देऊ नका. सोबत, जेवण भरवणं, दुपारचं बघणं, एवढं त्यांना ठेवा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ‘काळजीवाहक’ या शब्दाची व्याख्या आहे: आई-वडील आणि कुटुंबीयांसह जी कोणी व्यक्ती, मोबदला घेऊन किंवा न घेता, दिव्यांग व्यक्तीची काळजी घेते, आधार देते ती. कायद्याने दोघांना एका ओळीत बसवलंय. मला ती ओळ फार महत्त्वाची वाटते. आईचं काम ‘माया’ आणि मदतनिसाचं काम ‘नोकरी’ असे दोन ढीग आपण करतो, त्यात आईचे कष्ट दिसेनासे होतात आणि मदतनिसाची मायाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये काजल विरुद्ध जगदीश चंद या खटल्यात, अपघाताने कायमची परावलंबी झालेल्या मुलीसाठी एक नव्हे तर दोन मदतनिसांचा खर्च धरला, प्रत्येकी महिना ५ हजार, म्हणजे १८ वर्षांचा हिशेब धरून २१ लाख ६० हजार रुपये. तुमचं प्रकरण अपघाताचं नाही, त्यामुळे नुकसानभरपाईचा प्रश्न येत नाही. पण थोरले बंधू पुढच्या वेळी ‘आई करतेच आहे की’ म्हणाले तर हा आकडा त्यांच्यासमोर ठेवा.

थोरल्या भावाचे पैसे लागणारच आहेत, ते येतात ही मोठी गोष्ट. पण महिन्यातला एक शनिवार-रविवार त्यांनी स्वतः यावं, सकाळची आंघोळ स्वतः घालावी, जेवण स्वतः भरवावं. याचं कारण कामाची विभागणी एवढंच नाही. आई अचानक आजारी पडली तर त्या घरात दुसऱ्या कुणाला त्याला घास भरवता येतो का? मी एका घरी बोलावणं आल्यावर गेले होते. आईला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल केलं होतं, आणि तीन दिवस मुलगा जवळजवळ उपाशी होता, कारण तो कसा गिळतो हे बाकी कुणालाच माहीत नव्हतं. आत्याने आडवं झोपवून दूध पाजलं, ते श्वासनलिकेत गेलं, आणि मुलालाही दवाखान्यात न्यावं लागलं, न्युमोनिया घेऊन.

तेव्हा भरवण्याचं प्रत्येकाने शिकायचं. पाठ सरळ, मान किंचित पुढे, डोकं मागे कधीच नाही. घास छोटा, आणि पहिला गिळल्याचं गळ्यापाशी दिसल्याशिवाय दुसरा नाही. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर तसं सांगा, घट्ट करून देता येतं. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवायचं. घाई करायची असेल तर भरवायचंच नाही, कुणीतरी दुसऱ्याने भरवावं.

आता आई. तिला ‘तू आता आराम कर’ असं म्हणू नका. २६ वर्षं ज्याच्या श्वासावर तिची झोप लागली आणि मोडली, त्याच्यापासून तिला एका वाक्यात बाजूला केल्यासारखं होतं ते. तिला म्हणा, ‘तू शिकव.’ नवीन माणूस आला की पंधरा दिवस दोघं एकत्र. पहिले पाच दिवस आई तोंडाने सांगेल आणि वडील करतील, तो मुलगा बघेल. पुढचे पाच दिवस तो करेल, आई बघेल. शेवटचे पाच दिवस आई शेजारच्या खोलीत. तिने सांगितलेलं सगळं वहीच्या मागच्या पानांवर उतरवा: उजवी कूस आवडत नाही, केस धुताना कानात बोळा, बद्धकोष्ठ झालं की फिट्स वाढतात, घामेजला की समजावं काहीतरी दुखतंय. हे ज्ञान कुठल्याही फाइलमध्ये नाही. आणि तिला स्वतःसाठी एखादं काम निवडू द्या, जे ती कुणालाही देणार नाही. एका आईने रात्रीचं तेल लावणं ठेवलं होतं. बाकी सगळं सोडायला तिला चार महिने लागले, पण सोडलं.

परक्याची भीती तिला आहे ती खोटी नाही, तिची चेष्टा करू नका. येता-जाता डोकावायला शेजारी, मामा, शाळेतले वडिलांचे मित्र, जितकी जास्त माणसं त्या खोलीत ये-जा करतील तितका मुलगा सुरक्षित. कॅमेरा लावायचा असेल तर भावाची परवानगी घेऊन, आणि आंघोळीच्या-कपड्यांच्या जागी कधीच नाही.

सरकारी मदतीचं सांगते. काळजी घेणाऱ्या आईच्या हातात दर महिन्याला पैसे पडतील अशी आशा ठेवून बसू नका. २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांग व्यक्तींना काळजीवाहक भत्ता देण्याच्या योजना सरकारने कराव्यात असं लिहिलेलं आहे, आणि ती गरज ठरवण्याची पद्धत कलम ३८ मध्ये आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना महिन्याला काही शे रुपये द्यायला सुरुवात केली. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती काळजी घेणाऱ्याच्या नावाने आहे. आपल्याकडे संजय गांधी निराधार अनुदान योजनेची रक्कम दिव्यांग व्यक्तीला मिळते. ती २०२३ मध्ये १५०० झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २५०० करण्याचा निर्णय झाला. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे, आणि निवृत्तीवेतन असलेल्या तुमच्या घराला ती आड येईल.

तुमच्या कामाच्या गोष्टी दुसऱ्या आहेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर सगळ्यात आधी ते. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सीला लागू आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही. तिचं दरवर्षी नूतनीकरण करायला विसरू नका, बहुतेक घरं दुसऱ्या वर्षी विसरतात. वडील जुन्या पद्धतीने आयकर भरत असतील तर अवलंबून असलेल्या दिव्यांग अपत्यासाठी (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८० डीडी) ७५ हजारांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. कमोड-खुर्ची आणि लिफ्टसाठी तिथे लेखी अर्ज करा, पोच घ्या, आणि दर पंधरा दिवसांनी वडिलांना पाठवा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी वडील हयात असतानाच व्हायला हवी. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांनंतर तहहयात कुटुंब निवृत्तीवेतन मिळू शकतं. त्यासाठी भावाचं नाव आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आत्ताच वडिलांच्या निवृत्तीवेतनाच्या कागदपत्रांत नोंदवून घ्या. नंतर एकटी बहीण कचेऱ्यांच्या पायऱ्या चढते आणि प्रत्येक टेबलावर तिला विचारतात, ‘हे आधी का नाही केलं?’

‘आमच्यानंतर’च्या प्रश्नावर बरेच जण तुम्हाला कायदेशीर पालकत्व काढायला सांगतील. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते देते, आणि सेरेब्रल पाल्सी त्या कायद्यात येते. पण थांबा. तुमच्या भावाची समज शाबूत आहे. बोलता येत नाही म्हणजे ठरवता येत नाही असं नाही. त्याला बँकेत, कचेरीत आधार लागेल, त्याच्या वतीने निर्णय घेणारा लागेलच असं नाही. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे, त्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो, ठरावीक गोष्टीपुरता आणि ठरावीक काळापुरता. आधी वकिलाला याबद्दल विचारा. मृत्युपत्र मात्र दोघांनी करावं, आणि पैसा-घर भावासाठी खासगी ट्रस्टमध्ये ठेवता येईल का तेही त्याच बैठकीत बघावं. ट्रस्टी दोन असावेत, आणि त्यातला एक तुमच्या कुटुंबाबाहेरचा.

राहण्याच्या सोयींबद्दल आत्ता फार लिहीत नाही. डोंबिवलीजवळ खोणी गावात पालकांनीच एकत्र येऊन उभं केलेलं ‘घरकुल’ आहे, ते बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी, तुमच्या भावासाठी नव्हे. पण पालकांना काय उभं करता येतं ते बघायला एकदा जाऊन या, वडिलांना घेऊन. बाहेर राहायची वेळ पुढे-मागे येणार असं वाटत असेल तर ती पहिल्यांदा संकटात येऊ देऊ नका. आधी दोन दिवस, मग आठवडा, तोही त्याच्या मर्जीने, आई धडधाकट असताना.

हे सगळं एकदम करायचं नाही. या महिन्यात वही, तक्ता आणि कमोड-खुर्ची. पुढच्या महिन्यात माणूस. तिसऱ्या महिन्यात वडिलांची कचेरीतली कामं आणि थोरल्या भावाची पहिली पाळी. तोवर दर शनिवारी तुम्ही जा, नोकरी सांभाळून.

माणूस निवडायच्या दिवशी बैठकीच्या खोलीत चहा देऊन बोलणी करू नका. भावाच्या खोलीतच बसा, त्याला खुर्चीत नीट बसवून, तक्ता समोर ठेवून. आलेल्याला पहिले दोन प्रश्न तोच विचारेल, कितीही वेळ लागला तरी. आई मध्ये बोलायला लागली तर तिच्या हातावर हात ठेवा.